७/८ : अखेर ‘ती’ सापडली

मागच्या नोंदीत ठोकून दिलं होतं की ड्रम्सवर सात मात्रांचा ग्रूव्ह (फिरून फिरून वाजणारा ठेका) बसला, आता फक्त लय वाढवायची. ते वाक्य मागे घेतो. ग्रूव्ह बसला होता खरा, पण मेट्रोनोमच्या (लयीत टकटक करणाऱ्या ॲपच्या) मांडीवर.

झालं असं. मागच्या महिन्यात एका रविवारी जॅमरूमवर तिघं जमलो. मी चार आवर्तनं एकट्यानं वाजवायची आणि पाचव्याच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) बास आणि गिटारनं आत यायचं, असं ठरलं. आले. दोघंही एकदम, अगदी छातीठोकपणे, आणि चौथ्या मात्रेवर. मी थांबून म्हटलं, “एक चुकला.” बासवाला म्हणाला, “हो, तुझा.” सहा वेळा करून पाहिलं. पाच वेळा चौथ्यावरच आले. सहाव्यांदा गिटारवाला बरोबर आला, कारण तो माझं वाजवणं ऐकतच नव्हता, माझ्या मानेकडे बघत होता.

हा ग्रूव्ह मी तबल्यावरच्या रूपकाच्या, म्हणजे सात मात्रांच्या तालाच्या ठेक्यावरून उचललाय, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. ती ती ना, धी ना, धी ना. बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) फक्त धीला घुमतो, म्हणून किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. ना जिथे, तिथे स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम). त्यातला पाचवा जोरात, तिसरा आणि सातवा घोस्ट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) सलग सात. गंमत म्हणजे हाताने ताल धरतानाही रूपकात टाळी चौथ्या-सहाव्यालाच पडते आणि समेला खाली (टाळी नसलेली, रिकामी मात्रा). म्हणजे माझी किक अगदी टाळीवर बसते आणि समेला खाली काहीच नसतं. नेमक्या त्या रिकाम्या समेवरच मी भाळलो होतो. सिंकोपेशन (अनपेक्षित जागी पडणारा आघात) मुद्दाम रचावं लागत नाही, ठेक्यातच ते तयार मिळतं. प्रवेशिका पूर्ण परीक्षेपर्यंत तबला शिकून नंतर सोडून दिला, त्याचं वीस वर्षांनी व्याज मिळाल्यासारखं वाटलं होतं.

घरी येऊन फोनवरचं रेकॉर्डिंग तीन दिवस ऐकलंच नाही, मुद्दाम. चौथ्या दिवशी भांडी लावता लावता ते मधूनच सुरू केलं. मलाही सम चौथ्यावरच ऐकू आली. माझाच ग्रूव्ह, माझेच हात, आणि कान त्याला २+२+३ म्हणून मोजत होता. बासवाल्याला मेसेज टाकून माफी मागितली. त्याने अंगठा पाठवला, तोही जरा उशिरानेच.

मग कागद घेऊन बसलो. चौथ्यावरून सहाव्यावर जायला किकला दोन मात्रा लागतात. सहाव्यावरून पुढच्या आवर्तनातल्या चौथ्यावर यायला पाच. एवढ्या मोठ्या शांततेनंतर जो पहिला धूम पडतो, त्याला कान ‘एक’ म्हणून मोकळा होतो. यात त्या दोघांची चूक नव्हती. आणि मला घरी हे कळलं नाही त्याचं कारण मेट्रोनोम. मी ॲपमध्ये ३+२+२ असा आघात लावून ठेवला होता. सम कुठे आहे ते क्लिक सांगत होता, मी नुसता मान डोलवत होतो. आघात काढून टाकला, सगळे क्लिक सारखे केले, आणि अकराव्या-बाराव्या आवर्तनात माझीही सम सुटली. या एका गोष्टीसाठी तरी सगळ्यांना सांगतो : विषम मात्रांचा सराव करताना आघाताचा क्लिक पहिल्या आठवड्यापुरताच ठेवा.

पुढचे सोळा दिवस काय काय केलं ते थोडक्यात. पहिल्या मात्रेवर किक टाकून पाहिली. प्रश्न एका मिनिटात सुटला आणि ग्रूव्ह मेला. कुठल्याही रॉक बँडचा सात झाला तो. समेवर क्रॅश (दणदणीत वाजणारी झांज) मारून पाहिला, तेव्हा दर सात मात्रांनी कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारखं वाटायला लागलं. मग सातव्याला हाय-हॅट उघडून समेवर पायाने मिटायची. हे ऐकायला फार गोड होतं, एक संध्याकाळ मी त्याच्या प्रेमात होतो. पण उघड्या हॅटच्या फुसफुशीत सातव्याचा घोस्ट बुडाला, आणि क्लिप ऐकवली तर बासवाला आता सातव्यावर एक मोजायला लागला. चौथ्यावरून सातव्यावर आला, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो समेच्या आधीच्या सोळाव्या भागावरच्या (म्हणजे अर्धी मात्रा आधीच्या) किकने. कल्पना अशी की सम रिकामी ठेवायची, पण तिच्या अगदी दारात एक धक्का द्यायचा. मेट्रोनोम १६०ला ठेवला (एक क्लिक म्हणजे एक मात्रा) तर छान जमायचं. १८०च्या पुढे मात्र ती किक सातव्याच्या घोस्टला चिकटायची आणि दोन्ही मिळून एक गचका व्हायचा. पेडलची स्प्रिंग सैल केली, मग घट्ट केली, बीटर दोन बोटं खाली घेतला. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी १९०ला स्वच्छ निघाली, मी खुर्चीवरून उठून पाणी प्यायलो, परत आलो, रेकॉर्डिंग ऐकलं. कान आता त्या धक्क्यालाच सम समजत होता. सगळा ताल सोळाव्या भागाने अलीकडे सरकला होता.

त्या रात्री मी फक्त सरावाच्या पॅडवर वाजवत होतो, तोंडाने ठेका म्हणत. बाबा बाहेर जेवत होते. ते पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी धरतात, ड्रम्सबद्दल त्यांचं मत विचारू नये असं आमच्या घरी ठरलेलं आहे. त्या दिवशी न विचारता म्हणाले, “अरे, तुझ्या रूपकात ती कुठाय?”

आमच्या हिने मान वर करून पाहिलं.

“ती ती ना मधली ती,” बाबा म्हणाले. “तू म्हणतोस ती, आणि वाजवतोस ना. सातही ना.”

मी जेवण होईपर्यंत तसाच बसलो. बरोबर होतं त्यांचं. तबल्यावर रूपकाची सम जोराने ओळखू येत नाही, बायाँ तर तिथे गप्पच असतो. ती ओळखू येते आवाजाच्या जातीने. ती वेगळी वाजते, ना वेगळा. वर बंदिश किंवा लेहरा (फिरून फिरून येणारी धून) चालू असतो तो निराळाच. मी मात्र सातही मात्रा एकाच हाय-हॅटवर, एकाच टोकाने वाजवत होतो. पहिल्या मात्रेला जोर देऊनही पाहिला होता, पण नुसत्या जोराने तो उलट ऑफबीटसारखा लागायचा. जोर, किक, धक्का यांतलं काहीच नको होतं. दोन मात्रांना वेगळा आवाज हवा होता.

म्हणून आता असं आहे (राइड म्हणजे उजवीकडची मोठी झांज) :

मात्रा : १ २ ३ ४ ५ ६ ७
उजवा हात : राइड राइड हॅट हॅट हॅट हॅट हॅट
स्नेअर : – – घोस्ट – जोर – घोस्ट
किक : – – – धूम – धूम –

पहिल्या दोन मात्रा राइडच्या बेलपासून (मधल्या फुगवट्यापासून) जरा खाली, काडीच्या टोकाने. नंतरच्या पाच हॅटवर. रेकॉर्ड केलं, फोन पालथा ठेवला, आंघोळ करून आलो आणि मधूनच सुरू केलं. सम समेवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ऐकलं, तेव्हाही. गेल्या रविवारी जॅमरूमवर बासवाल्याला काहीही न सांगता चार आवर्तनं वाजवली आणि तो पाचव्याच्या समेवर आला. पाचपैकी चारदा. चुकला तेव्हा त्याचा फोन वाजत होता, ते मी धरत नाही.

आता हाताचा प्रश्न. राइड उजवीकडे, हॅट डावीकडे, आणि सातव्यावरून समेवर जायला हाताला एकच मात्रा. २००च्या लयीत एक मात्रा म्हणजे एका सेकंदाचे तीन दशांश. जाताना जमतं, येताना कोपर फ्लोअर टॉमच्या बाजूने फिरतं आणि तिसरी मात्रा किंचित उशिरा पडते. राइड चार बोटं आत ओढून घेतली. तालवादक त्रिलोक गुर्तू तर जमिनीवर बसून वाजवतात आणि सगळा संच आपल्या हाताला लावून घेतात. आपण मात्र दुकानातल्या फोटोत दिसतो तसाच किट वर्षानुवर्षं ठेवतो. त्यावरून वाटायला लागलंय की हॅट डाव्या हाताला द्यावी, उजवा राइडवरच ठेवावा, म्हणजे ओलांडणंच नको. पण मग घोस्ट कोण वाजवणार? उजवा हात मोकळा आहे तिसऱ्यापासून. घोस्ट उजव्याने? लिहिता लिहिता सुचलंय, अजून बसून पाहिलेलं नाही.

बाकीचं भराभर. दहा मात्रांच्या झपतालावरचा पाचचा ग्रूव्ह अखेर १०४ला चार मिनिटं न तुटता गेला. सहाव्या-सातव्या मात्रेला किक काढून घेतली आणि आठव्याला परत आणली की पोटात जे होतं ते अजून जुनं झालेलं नाही. घोस्टसाठी काडी उचलायची उंची आता एका इंचाच्या आत राहते, मेश हेडवर (सरावाच्या ड्रमच्या जाळीच्या पडद्यावर) तरी. जॅमरूमच्या खऱ्या स्नेअरवर राहत नाही, मेश काडीला फुकटची उसळी देतो आणि हात आळशी होतात. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या ‘हिकरी’ लाकडाच्या ५ए मापाच्या काड्या दोन जोड्या आल्या, चारही काड्यांचं वजन चार प्रकारचं. एक तर टेबलावर घरंगळताना चक्क केळ्यासारखी उड्या मारते. काड्या दुकानात जाऊन, घरंगळवून, कानाशी टकटक करूनच घ्याव्यात, या मतावर मी परत आलोय.

डाव्या पायाने चौथे भाग चालवायचं (दर दोन मात्रांना एक ठोका, म्हणजे चौदा मात्रांत सात वेळा, दोन आवर्तनांनी पाय पुन्हा समेवर) या महिन्यात धरणार होतो. ते पुढे ढकललं. पंधरा मात्रांची पंचम सवारी तर त्याच्याही मागे. कारण मधेच टाळाचं डोक्यात आलं.

राइड ‘ती’ला चालते, पण फार पसरते. दुसऱ्या ‘ती’ची शेपूट थेट चौथ्याच्या किकवर येऊन पडते. मला आखूड, काशाचा, टोकदार आवाज हवा. मंडळाच्या सामानाच्या पेटीत बाबांचा एक टाळ एकटाच पडून होता, जोडीतला दुसरा तडकलेला. तो हॅटच्या शेजारी आणला तर हात ओलांडायचीही गरज उरणार नाही. काडीने वाजवून पाहिला : लखलखीत, आणि दोन बोटं खाली टेकवली की हवा तेवढाच आखूड. पण दोरीचं भोक एवढंसं, आणि सिंबल स्टँडचा स्क्रू आठ मिलिमीटरचा. म्हणून काल तो बूमला (स्टँडच्या आडव्या दांड्याला) दोरीने टांगला. पहिली ती सुरेख वाजली. दुसरीपर्यंत टाळ झोका घेऊन पलीकडे गेला होता आणि काडी हवेत फिरली.

रात्री बाबांना विचारलं, भोक जरा मोठं करून घेऊ का? ते काही बोलले नाहीत. टाळ बूमवरून सोडवला, दोरी नीट गुंडाळली आणि आत घेऊन गेले.