तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातला तो फोटो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी या प्रश्नावर मी नुसतं "हात वर करा" म्हणते आणि माप घ्यायला लागते. "ताई, बाई असून तुम्ही दुकानात त्या बेटी पेजचा हा फोटो लावलाय? आणि ते जुने, बायका नाचत कपडे उतरवतात ते सिनेमे खरंच बघता?"

बघते. आणि विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी 'आवाज'चे दिवाळी अंक होते, हेही मला माहीत आहे. त्यातल्या पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी भलतंच दिसायचं, पान उलटलं की साधंसुधं चित्र निघायचं. वडिलांनी आधी उलटलं, मग आईने, मग तुम्ही सगळे झोपल्यावर. तेव्हा मला शिकवू नका.

'टीझरामा' हा 1955 चा अमेरिकन सिनेमा. नाचणारी टेंपेस्ट स्टॉर्म आणि मॉडेल बेटी पेज, दोघी आहेत त्यात. कॅमेरा एका जागी ठोकून ठेवलेला, मधेमधे विनोद म्हणून जे येतात त्यांना हसायला तिकिटाचे पैसे वेगळे द्यायला हवे होते. बेटी मोलकरीण होऊन टेंपेस्टची तयारी करून देते. मी बघते ते हूक. आम्ही ब्लाउज शिवताना जीव काढतो तो हूक सुटू नये म्हणून. या बायकांच्या शिंपिणींपुढे उलटा पेच: नाच संपेपर्यंत धरलं पाहिजे आणि नेमक्या ठेक्यावर, न बघता, एका बोटाने सुटलं पाहिजे. कापड अडकलं की सगळं हास्यास्पद. एकेक बोट सैल करत हातमोजा काढायला त्या जेवढा वेळ लावतात, तेवढ्यात माझं एक अस्तर कापून होतं. आणि एवढं करून दिसतं काय? फारच थोडं. न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी 1937 मध्ये बर्लेस्क थिएटरांचे, म्हणजे विनोद आणि असे कपडे उतरवायचे नाच दाखवणाऱ्या थिएटरांचे, परवाने रोखले; त्या धंद्याचं उरलंसुरलं अशा सिनेमांत सापडतं.

भिंतीवरचा फोटो बनी येगर या बाईने 1954 मध्ये फ्लोरिडात, बोका रॅटनच्या प्राणी-उद्यानात काढलेला. दोन चित्ते आणि मधे बिबट्याच्या ठिपक्यांच्या कापडात बेटी. येगर स्वतः आधी मॉडेल होती आणि तो पोशाख बेटीने स्वतः शिवलाय. "मी शिवण बघते हो," असं मी गिऱ्हाइकांना सांगत आले.

अर्धंच खरं आहे ते. आधी बाईच बघितली मी. ती समोरच्याला अशी बघते, की बघणाऱ्यानेच जरा सावरून बसावं. लाजत नाही, आणि मादक दिसायची धडपडही नाही. एखादीला स्वतःचीच गंमत वाटत असावी तसा चेहरा. तिशीत मला तसं उभं राहता आलं नाही, अंगभर साडीतसुद्धा. तेव्हा मी तावातावाने सांगायचे की ही स्वतःच्या मर्जीने उभी आहे, स्वतःचे कपडे स्वतः शिवते, पैसे मोजून घेते, मग तुमचं काय जातं?

लेक टीवायला असताना गॅदरिंगला तिने लावणी केली. जांभळी नऊवारी, मोरपिशी काठ. मीच शिवलेली, काष्टा हलू नये म्हणून आतून दुहेरी टीप घातलेली. कुणीतरी व्हिडिओ नेमका नको तिथे थांबवला, वरून डोकं कापलं, नुसती कंबर ठेवली, खाली एक ओळ लिहिली आणि ते ग्रुपवर फिरवलं. डोकं नसूनही सगळ्यांनी ओळखलं, कारण तसला काठ अख्ख्या कार्यक्रमात एकटीचाच होता. मी तो हौसेने तुळशीबागेतून शोधून आणला होता. कॉलेजात गेलो तर समोरच्यांनी पाण्याचे ग्लास पुढे केले आणि म्हणाले, मुलींनी गाणी जरा बघून निवडावीत. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लेकच म्हणाली, "चल आई."

दुकानात येऊन ती स्टुलावर बसली. कुणाचा तरी ब्लाउज उसवायला घेतला, न सांगता. बऱ्याच वेळाने फोटोकडे बघून म्हणाली, "हिला विचारलं होतं?"

"हो तर. पैसेही दिले."

"तेव्हा. नंतर?"

नंतरचं मला सगळं पाठ होतं. 1957 मध्ये तिने हे काम सोडलं. पुढे धर्माकडे वळली, मन ढासळलं, कॅलिफोर्नियात सरकारी मनोरुग्णालयात वर्षं गेली. तिकडे तिचे फोटो छापले जात होते, विकले जात होते, तिच्या हाती दमडी नाही. 1990 च्या दशकात कुठे हक्काचे पैसे येऊ लागले. म्हातारपणी चेहऱ्याचा फोटो काढू देईना. 2008 मध्ये गेली. मी हे सांगत गेले, बाजू मांडल्यासारखं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी कुणाची बाजू मांडतेय.

"म्हणजे तिलाही नाहीच विचारलं," लेक म्हणाली आणि दुसरी बाही उसवायला घेतली. काढून टाक, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

भांडण मग माझं माझ्याशीच चालू आहे. माझं म्हणणं असं, की लेकीचं डोकं कापलं होतं आणि बेटीच्या फोटोत डोकंच सगळ्यात आधी दिसतं. यावर मीच म्हणते, तुझ्या भिंतीवरच्या फोटोत दिसतं गं. 'टीझरामा' काढणारा अर्विंग क्लॉ न्यू यॉर्कात गिऱ्हाइकांच्या फर्माइशीप्रमाणे तिला दोरीने बांधून फोटो काढायचा आणि टपालाने विकायचा, ते कुठे लावलेस? 1955 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने त्याला चौकशीला बोलावलं, पुढे त्याने असल्या निगेटिव्ह जाळल्या. त्याची बहीण पॉला हिने काही लपवून वाचवल्या. पॉलाने वाचवलं म्हणून मला बरं वाटतं. लेकीचा तो फोटो मात्र जगातल्या शेवटच्या मोबाइलमधूनही जळून जावा असं वाटतं. ही दोन्ही वाटणं एकाच बाईची आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

फोटो आहे तिथेच आहे. लेक येते, चहा पिते, त्याच्याखालीच बसते. तो विषय पुन्हा निघाला नाही. मी काढत नाही.

आणि ज्या मुलीने रिसेप्शनला टेंपेस्ट स्टॉर्मसारखे कोपरापर्यंतचे हातमोजे शिवून द्याल का विचारलं, तिला: देईन. सॅटिन जरा जास्तच आण, उरेब, म्हणजे तिरकं, कापावं लागतं. आणि तुझ्या आईला काय सांगायचं ते तू बघ.