क्रेब चक्र जिथे तुटते

दहावीच्या वर्षी क्रेब चक्राची, म्हणजे पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळवून देणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीची, आकृती मी वहीत इतक्या वेळा काढली होती की सायट्रिक आम्लापासून निघून पुन्हा तिथेच पोहोचणारे ते बाण कधी थांबत नसतात, असे माझ्या मनावर ठसले होते. बऱ्याच वर्षांनी मॅक्रोफेज या भक्षक पेशींविषयी वाचताना कळले की जिवाणूची चाहूल लागताच हेच चक्र दोन ठिकाणी खंडित होते, आणि पेशीला लढण्याचे बळ त्या खंडातूनच मिळते.

शांत अवस्थेतील मॅक्रोफेज तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, साहाय्याने एका ग्लुकोज रेणूपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी, म्हणजे ऊर्जा वाहून नेणारे रेणू, मिळवू शकते (आम्ही पाठ केलेला ३८ हा आकडा आता जास्त मानला जातो). जिवाणूच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड ओळखल्यावर मात्र ती पेशीद्रवातील ग्लुकोज-विघटनावर भर देते, ज्यातून निव्वळ २ एटीपी हाती लागतात. ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात कर्करोगाच्या ऊतींमध्ये, प्राणवायू उपलब्ध असतानाही, असाच व्यवहार पाहिला होता. तो तोट्याचा दिसतो खरा. परंतु ग्लुकोज-विघटनाचा वेग झपाट्याने वाढवता येतो आणि ऊर्जेची गरज तिथून भागू लागली की तंतुकणिकांतील रेणू दुसऱ्या कामांसाठी मोकळे होतात.

ही दुसरी कामेच मला सर्वांत विलक्षण वाटतात. चक्राच्या पहिल्या खंडापाशी साचलेले सायट्रेट बाहेर पडून मेदाम्लांच्या निर्मितीला लागते. दुसऱ्या खंडापाशी चक्रातलाच सक्सिनेट हा रेणू साचतो, आणि त्यामुळे एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन टिकून राहते व दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-१ बीटाचे उत्पादन वाढते, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. ज्याला आपण इंधनाच्या ज्वलनातील एक पायरी समजत होतो, तो रेणू येथे संदेशवाहक होतो.

इटाकॉनिक आम्लाची कथा याहूनही वेगळी आहे. ॲस्परजिलस टेरियस या बुरशीकडून किण्वनाने मिळवलेले हे आम्ल रेझिनच्या उद्योगात फार पूर्वीपासून वापरले जाते. ते आपल्या भक्षक पेशीही तयार करतात हे मात्र गेल्या दीड दशकातच स्पष्ट झाले. क्षयाचा जिवाणू शरीरातील मेदाम्लांवर जगताना ज्या आयसोसायट्रेट लायेज या विकरावर विसंबून असतो, त्याला इटाकॉनेट, म्हणजे याच आम्लाचे पेशीतील रूप, अडवते. त्याच वेळी ते पेशीच्या स्वतःच्या दाहालाही आवर घालते, आणि म्हणूनच ते तयार करणारे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना क्षयाची बाधा झाली तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत अनिर्बंध दाह उसळून ते लवकर मरण पावले. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तेथील वाचकाने हा प्रयोग केवळ कुतूहल म्हणून वाचू नये, असे मला मनापासून वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. यातील बहुतेक निरीक्षणे उंदरांच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या पेशींवरची आहेत, आणि मानवी मॅक्रोफेज उंदरांच्या मानाने बरेच कमी इटाकॉनेट तयार करतात. ज्या पोषकद्रवात या पेशी वाढवल्या जातात, त्यातील ग्लुकोजचे प्रमाणही पुष्कळदा संसर्ग झालेल्या ऊतीत असते त्यापेक्षा कितीतरी अधिक असते.