सोमवारची यादी

वडगावच्या साइटवर सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, झालं, सळई बांधली. पण बाथरूमच्या पाइपांना भोकं कुठं सोडायची ते ठरलंच नव्हतं. काँक्रीटची गाडी मात्र सांगून ठेवलेली!

अशा वेळी बांधकामाच्या नियोजनाचे अमेरिकन अभ्यासक ग्लेन बॅलार्ड आठवतात. १९९०च्या दशकात ग्रेग हॉवेलसोबत त्यांनी पाहिलं, आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मीच पुरी होतात. त्यातून 'लास्ट प्लॅनर' पद्धत आली: साहित्य, नकाशा, माणसं, आधीचं काम, सगळं तयार असेल तरच काम आठवड्याच्या यादीत घ्यायचं. आणि शब्द द्यायचा तो काम करून घेणाऱ्यानंच. आमच्याकडे शब्द मालकाचा, धावपळ गवंड्याची.

आता सोमवारी मेस्त्रींनाच विचारतो, 'मामा, काय अडतंय?' परवा म्हणाले, 'साहेब, पोरं जत्रेला जाणार, गुरुवारी प्लास्टर धरू नका.' नाही धरलं. वायरिंगवाल्याला बोलावलं.