बत्तीस बोअरचं दणकट रिव्हॉल्व्हर आता कोण घेतंय?

वापरलेलं कानपूर बनावटीचं बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर विकायला काढा आणि गंमत बघा. गन हाऊसवाला उलटून पालटून बघतो, "ठेवा, गिऱ्हाईक आलं तर सांगतो" म्हणतो आणि ते तिजोरीत पडून राहतं. एकेकाळी नाशिक, निफाड, दिंडोरी पट्ट्यात लायसन्स मिळालं की पहिली मागणी याचीच असायची. हत्यार खराब नाही, त्याची जागा गेली आहे. ती का गेली, आणि पडत्या भावात घ्यायचं असेल तर काय तपासायचं, एवढंच इथे लिहितो.

या रिव्हॉल्व्हरचा मूळ आराखडा वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचा: बिजागरीवर नळी खाली मोडून उघडायचं, वरच्या खिट्टीने बंद करायचं. वेब्ली बनली ती अडतीस बोअरच्या लष्करी काडतुसासाठी. आपल्याकडे ते काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे सामान्य परवानाधारकासाठी त्याच धाटणीच्या सांगाड्यात ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस बसवलं गेलं. सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन साधारण ७०० ग्रॅम. काडतूस १८९६ सालचं: ९८ ग्रेनची (साधारण सहा ग्रॅमची) शिशाची गोळी, सेकंदाला जेमतेम सातशे फूट वेग. थोडक्यात, अंग अडतीसचं आणि जीव बत्तीसचा.

खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत मध्यम आकाराचं स्टीलचं रिव्हॉल्व्हर टिकलं ते वजनाचा उपयोग होता म्हणून. स्मिथ अँड वेसनचं १८९९ पासून चालत आलेलं, पुढे मॉडेल १० नावाने ओळखलं गेलेलं रिव्हॉल्व्हर जवळपास किलोभर भरतं, पण ०.३८ स्पेशल काडतुसाचा झटका ते वजन पचवतं. ०.३५७ मॅग्नमला तर जड सांगाडा लागतोच. तरीही तिथे बाजार हललाच. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची चकमक झाली, तिच्यात बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर होती आणि दोन एजंट मारले गेले. त्यानंतर पोलीस खाती झपाट्याने पिस्तुलांकडे वळली. न्यूयॉर्क पोलिसांनीही १९९३ मध्ये नऊ मिलिमीटर पिस्तुलांना परवानगी दिली आणि बदलून आलेली रिव्हॉल्व्हर दुकानांत स्वस्तात विकली गेली. कसर राहिली होती ती २०१८ च्या सिग पी३६५ या पिस्तुलाने भरून काढली. अर्धा किलोच्या आसपास वजन, तळहातात मावणारं आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. कमरेला किलोभर लोखंड बांधून सहाच गोळ्या कोण बाळगेल?

आपल्याकडे नऊ मिलिमीटर सामान्य परवान्यावर मिळतच नाही, त्यामुळे तुलना बत्तीस विरुद्ध बत्तीस अशीच होते. त्या तुलनेत जुनं स्टील दोन्हीकडून मार खातं. चपटं पिस्तूल हवं असेल तर अशनी आहे, तिच्या मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. हलकं रिव्हॉल्व्हर हवं असेल तर २०१४ मध्ये आलेलं निर्भीक आहे: टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्धा किलोच्या आसपास, बाजारात आलं तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. बत्तीसचा झटका मुळात इतका सौम्य की दोनशे ग्रॅम वजन कमी झालं तरी हाताला फार फरक जाणवत नाही. जड सांगाडा ज्यासाठी असतो ते कामच इथे नाही. २०२३ मध्ये कानपूरहून प्रबळ आलं, त्याचं सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता दंडगोल) बाजूला उघडतं. मधून मोडून उघडणाऱ्या जुन्या रचनेला घरच्याच कारखान्याने पर्याय दिला, असा त्याचा अर्थ.

उरलीसुरली कसर कायद्याने भरून काढली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. घरात बारा बोअरची बंदूक, जुनं विलायती रिव्हॉल्व्हर आणि कानपूरचं बत्तीस असेल तर काय जाणार, हे सांगायला नको. हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाल्यापासून विलायती नगाला भाव आहे, तो कुणी सोडत नाही. शिवाय लायसन्सधारक वारला की हत्यार ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करावं लागतं. वारस मुंबई-पुण्यात नोकरीला, त्याला लायसन्सची कटकट नको. माल येत राहतो, घेणारा येत नाही. पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजार समितीतून रोकड घेऊन रात्री परतायचं, हे लायसन्स मागण्याचं एक मोठं कारण होतं. आता बरेचसे पैसे थेट खात्यात येतात, ते कारणही पातळ झालं.

तरीही स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचंच असेल तर पॉलिशवर भुलू नका. आधी उघडून सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, मग पुढचं.

मूठ एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने नळी हलवून बघा. वर-खाली हलली तर वरची खिट्टी झिजली आहे, डावी-उजवीकडे हलली तर बिजागरीची खीळ सैल आहे. खिट्टी एक वेळ दुरुस्त होते. बिजागरी झिजलेला नग सरळ परत द्या. हा खेळखंडोबा बहुतेक वेळा सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने बंद केल्यामुळे झालेला असतो. दोन हातांनी बंद केलेलं रिव्हॉल्व्हर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

मग सिलिंडर. वेब्ली धाटणीत चाप मोकळा असताना सिलिंडर किंचित हलतं, त्याला घाबरू नका. घोडा अंगठ्याने सावकाश चढवा, चाप दाबून अंगठ्याच्या आधारानेच घोडा खाली आणा आणि चाप मागे दाबूनच ठेवा. आता सिलिंडर गच्च असायला हवं. सहाही घरांवर हेच करा. एखाद्याच घरावर हलत असेल तर त्या घराची खाच ठोकली गेली आहे. सगळ्याच घरांवर हलत असेल तर सिलिंडर अडवणारा खटका झिजला आहे. सिलिंडर असं हललं की गोळी नळीत तिरकी शिरते, शिसं खरवडून बाजूने उडतं आणि शेजारी उभ्या माणसाच्या हाताला लागतं.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठीक. ०.२५ ची पट्टी आत गेली तर भाव पाडा किंवा नाद सोडा. फटच नसेल तर तीही खूण वाईट: दहा-बारा गोळ्यांनंतर काजळी आणि शिसं साचून सिलिंडर फिरेनासं होतं. नळीच्या मागच्या तोंडात टॉर्च मारा. राखाडी पापुद्रा दिसला तर ते शिसंच. पितळी ब्रशने निघतं, वेळ मात्र लागतो.

"काडतुसं फुसकी निघतात" ही तक्रार नेहमीची. चाप ओढला आणि बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं तर काडतुसाला दोष देऊ नका. मुठीखालची व्ही-आकाराची स्प्रिंग दमली आहे किंवा घोड्याचं टोक बोथट झालं आहे. हे टोक मोडतं ते बहुधा रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप खटाखट ओढून. सराव करायचा तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, घाला. आणि गोळ्या झाडल्यावर रिव्हॉल्व्हर भीतभीत, अर्धवट उघडू नका. पुंगळी काढणाऱ्या चांदणीखाली एखादी पुंगळी घसरते आणि मग ते ना उघडत ना बंद होत. एका दमात पूर्ण उघडायचं.

गंजाचं म्हणाल तर इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस आणि निफाडची हिवाळी दहिवरं दोन्ही स्टीलच्या मुळावर उठलेली. त्यात लोक चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवतात. कमावलेल्या चामड्यातले क्षार ओल धरतात आणि जिथे चामडं टेकतं नेमकं तिथेच ब्लूइंग, म्हणजे स्टीलवरचा काळपट-निळा थर, उडतं. कव्हर बाळगायला, ठेवायला नव्हे. तेलाचा हात देऊन कोरड्या सुती फडक्यात ठेवावं. पूजेचं खास सांगतो. खंडेनवमीला हळदकुंकू, अक्षता, वर फुलातलं पाणी, आणि रिव्हॉल्व्हर तसंच रात्रभर पाटावर. सकाळी वरून पुसलं तरी कुंकवाचे कण चांदणीच्या दात्यांत आणि घोड्याच्या खाचेत अडकलेले असतात. तेलात मिसळून त्यांचा लगदा होतो आणि दिवाळीपर्यंत चांदणी अडखळायला लागते. पाट पुजा, हत्यार पुजा, पण संध्याकाळीच उघडून जुन्या टूथब्रशने साफ करा. निवडणुकीत जमा करण्याची नोटीस आली तर चामडं काढून, दाट तेल लावून, बॉडी नंबर लिहिलेली पावती घेऊनच ठेवा. महिन्या-दीड महिन्याने परत घेताना काउंटरवरच उघडून बघा.

कागदांचं थोडक्यात. आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकता येतं. पण विकण्याचा इरादा लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात, आणि घेणाऱ्याच्या लायसन्सवर त्या प्रकारच्या हत्याराची जागा शिल्लक असावी लागते. शहर हद्दीत पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालय. बॉडी नंबर, बोअर आणि यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) तिन्ही कागदांवर अक्षरशः जुळतात का, ते पैसे देण्याआधी बघा. वारसांकडून घेताना हे दुप्पट काळजीने बघा. जुन्या लायसन्सवरचा हाताने लिहिलेला ३ आणि ८ पुष्कळदा एकसारखाच दिसतो.