अनवाणी व्यायाम : किती आणि कोणता?

गेली दोन वर्षे माझ्या व्यायामाचा जवळपास अर्धा वेळ बूट काढून जातो, आणि हे कळले की समोरची व्यक्ती हमखास विचारते, हे चांगले की वाईट? एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. पादत्राणे म्हणजे माणसाच्या पायात अडकवलेली बेडी, असे काहींचे ठाम मत असते. तर जाड गादीच्या बुटांशिवाय धावलात तर गुडघे गेलेच म्हणून समजा, असे इतर काही जण बजावतात. मी आधी पहिल्यांच्या नादी लागले, पाय दुखावल्यावर काही महिने दुसऱ्यांचे ऐकले, आणि आता माझे मत असे झाले आहे की बूट काढणे हाच मुळात पायाचा एक वेगळा व्यायाम आहे. व्यायाम म्हटला की तो कोणी करावा, किती करावा आणि किती दिवसांत वाढवावा हे प्रश्न येतातच, आणि अनवाणी पायांच्या बाबतीत नेमके तेच प्रश्न विचारायचे राहून जातात.

एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. तळव्याकडच्या बाजूला लहान लहान स्नायूंचे चार थर असतात आणि पायाची कमान सावरून धरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. याशिवाय टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा पसरलेला असतो. पाऊल उचलताना टाच वर येते, बोटे मागे वळतात, हा पट्टा ताणला जातो आणि कमान उंचावून सगळे पाऊल ताठ होते. त्या ताठरपणामुळेच आपल्याला जमिनीला रेटा देऊन पुढे जाता येते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये या रचनेचे वर्णन करताना तिला रहाटाची उपमा दिली होती, आणि ती अगदी चपखल आहे, कारण रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी गुंडाळला जातो. उभे राहून दुसऱ्या कोणाला आपला अंगठा हाताने वर उचलायला सांगितले तर बहुतेकांना स्वतःची कमान उंचावताना दिसते. ताठ तळाच्या आणि पुढून वर वळलेल्या बुटांमध्ये बोटे कमी वळतात आणि पायाचे बरेचसे काम बूटच करतो. ही सोय आहे, यात शंका नाही. पण ज्या स्नायूंना काम नाही ते हळूहळू अशक्त होतात, हा नियम दंडाला लागू आहे तसा तळपायालाही आहे.

दुसरा लाभ संवेदनेचा आहे आणि मला स्वतःला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. शरीराचा भार टाचेवर आहे की चवड्यावर, आतल्या कडेला आहे की बाहेरच्या, याची बातमी तळव्याच्या त्वचेतून सतत वर जात असते आणि तिच्या आधारे घोटा क्षणोक्षणी तोल सावरत असतो. पहिल्यांदा बूट काढून एका पायावर उभी राहिले तेव्हा पावलातली इतकी धडपड पाहून मी चकित झाले होते. बुटात असताना ती होत नव्हती असे नाही, फक्त मला तिचा पत्ता नव्हता. अनवाणी राहून तळव्याला घट्टे पडले तर ही संवेदना बोथट होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 2019 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सवयीने अनवाणी चालणाऱ्या आणि बूट वापरणाऱ्या माणसांची तुलना केली गेली, तेव्हा घट्टे जाड असले तरी तळव्याची स्पर्शसंवेदना कमी झालेली आढळली नाही. घट्टा कडक असतो, त्यामुळे तो त्वचेचे रक्षण करतो आणि जमिनीची खबरही आत पोहोचवतो. मऊ गादी मात्र ती खबर वाटेतच शोषून घेते.

वजने उचलताना तर हा फरक अगदी स्पष्ट जाणवतो. धावण्याच्या बुटांचा तळ दबण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून ते घालून जड वजन उचलणे हे गादीवर उभे राहून पेटी उचलण्यासारखे आहे. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचे वजन हातांनी उचलून ताठ उभे राहण्याच्या प्रकारात, अनवाणी पायांचा आणखी एक सरळ हिशेबी फायदा होतो, तो असा की बुटाच्या तळाची जाडी वजा झाल्यामुळे वजन तेवढे कमी अंतर वर आणावे लागते. मात्र हाच न्याय स्क्वॉटला, म्हणजे खांद्यांवर वजन घेऊन खाली बसून उठण्याला, लावला की गणित चुकते. ज्यांचा घोटा पुरेसा वाकत नाही त्यांना टाच जमिनीवर ठेवून खोल बसता येत नाही, मग कमरेतून पुढे झुकून ते ती उणीव भरून काढतात आणि पाठीवरचा ताण वाढतो. भारोत्तोलकांचे खास बूट उंच आणि कडक टाचेचे असतात ते याचसाठी. म्हणजे एकाच व्यक्तीने, एकाच दिवशी, एका व्यायामासाठी बूट काढावेत आणि दुसऱ्यासाठी घालावेत, यात विसंगती काहीच नाही. पायावर वजन पडण्याची भीती बरेच जण बोलून दाखवतात. 20 किलोची थाळी पडली तर जाळीदार कापडाचा बूट काय वाचवणार, असे मी एके काळी म्हणत असे. पण कडेला बोट आपटणे आणि नख उखडणे हे प्रकार अनुभवल्यापासून मी तसे म्हणत नाही.

योगासने, मॅटवरचे व्यायाम आणि तोल साधण्याचे प्रकार यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तिथे बुटांचे कामच नसते आणि मोज्यांनी तर पाय घसरतो. खरा वाद धावण्याचा आहे.

हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘नेचर’मध्येच दाखवून दिले की सवयीने अनवाणी धावणारे लोक बहुधा चवडा किंवा मधले पाऊल आधी टेकवतात, तर गादीचे बूट घालणारे बहुतेक जण टाच आधी टेकवतात. चवड्यावर उतरताना जमिनीचा तो पहिला, अचानक बसणारा धक्का जवळजवळ नाहीसा होतो. याच्या जोडीला पावले आखूड आणि जलद पडू लागतात. एवढे वाचून मी निष्कर्ष काढून मोकळी झाले होते. त्यात दोन गोष्टी निसटल्या. पहिली अशी की अनवाणी धावणारा प्रत्येक जण चवड्यावर उतरतोच असे नाही. उत्तर केनियातील दासनच या सवयीने अनवाणी राहणाऱ्या समाजाच्या 2013 मधील अभ्यासात, संथ वेगाने धावताना बहुतेक जण टाचच आधी टेकवताना दिसले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धक्का कमी झाला म्हणून भार संपत नाही, तो केवळ जागा बदलतो, आणि गुडघ्यावरून उतरलेले ओझे पोटरी, टाचेमागची जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरासारखा भाग) आणि चवड्याची लांब हाडे यांच्यावर येऊन पडते.

ते माझ्याही पायांवर पडले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना उलटा उतरावा लागे, आणि मला त्याचे कौतुकच वाटले, कारण स्नायू काम करत असल्याची ती पावती होती. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या सरावल्या म्हणून मी अंतर वाढवले. पाचव्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोटाने दाबले तर नेमके एकाच जागी दुखू लागले. डॉक्टरांनी हाडावर ताण आल्याचे सांगून धावणे बंद करायला लावले. तशीच धावत राहिले असते तर हाडाला बारीक तडा गेला असता, हेही त्यांनी ऐकवले. पुढे वाचनात आले की 2013 मध्ये 36 धावपटूंवर 10 आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता. त्यातल्या ज्यांना हळूहळू अगदी पातळ तळाच्या बुटांकडे वळवले होते, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांत एमआरआय तपासणीत सूज वाढलेली दिसली. स्नायू काही आठवड्यांत सरावतो, पण हाड आणि कंडरा यांना महिने लागतात. पोटरीचे दुखणे थांबले म्हणजे पाय तयार झाला, हा माझा हिशेब इथे फसला होता.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की इथियोपियाचे धावपटू आबेबे बिकिला यांचे नाव निघतेच. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी अनवाणी धावून 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. त्याच बिकिलांनी 1964 मध्ये टोकियोला बूट घालून 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत ती पुन्हा जिंकली, हा उत्तरार्ध मात्र सांगितला जात नाही. यावरून बूट श्रेष्ठ ठरत नाहीत आणि अनवाणी पायही नाही. ज्याची पावले सरावलेली आहेत त्याला दोन्ही चालते, एवढेच त्यातून घ्यावे. भारतात 2300 मुलांच्या पाहणीवर आधारित 1992 मधील एका अभ्यासात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के, तर न वापरणाऱ्यांमध्ये 2.8 टक्के आढळले होते. हा आकडा अनवाणी व्यायामाच्या समर्थनार्थ अनेकदा पुढे केला जातो, पण तो घडत्या वयातल्या पावलांचा आहे. तीस-पस्तीस वर्षे बुटात वाढलेला पाय बाहेर काढून लगेच डांबरी रस्त्यावर ठेवणाऱ्याला त्यातून कोणतीही हमी मिळत नाही.

काहींनी तर या वाटेला जाऊच नये. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यांना काच रुतली किंवा फोड आला तरी कळत नाही, जखम भरायला वेळ लागतो आणि प्रकरण पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. डॉक्टर 10 ग्रॅम दाबाचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून ही संवेदना तपासतात, आणि मधुमेह असलेल्याने ती तपासणी केल्याशिवाय घरातही अनवाणी व्यायाम करू नये, असे मला वाटते. संधिवाताने बोटे वाकलेली असणे, हाडे ठिसूळ झालेली असणे किंवा सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाच ठणकणे, अशा वेळीही आधी डॉक्टरांना विचारलेले बरे. शिवाय ओलसर सामायिक फरशीवर चिखल्या आणि तळव्यावरच्या चामखिळी पसरतात, दूषित मातीतून अंकुशकृमी थेट त्वचेतून शरीरात शिरतात, आणि खिळा रुतला तर धनुर्वाताच्या लशीची आठवण येते, जी खरे तर आधीच घेतलेली असावी.

पाय बरा झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली ती धावण्याने नाही. पहिले दोन महिने घरात अनवाणी चालणे, बोटे पसरणे, बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलणे आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे, एवढेच केले. मग वजनांचा व्यायाम अनवाणी सुरू केला, आणि त्यानंतर सपाट, स्वच्छ गवतावर पाच मिनिटांची धाव, तीही एक दिवसाआड. आज ती पंधरा मिनिटांवर आली आहे; त्यापुढचे सगळे धावणे मी बूट घालूनच करते. पावलाच्या वर एका ठिकाणी बोट दाबून दुखले की त्या आठवड्यात अनवाणी धाव बंद. व्यायाम आटोपल्यावर तळवे धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून उजेडात नीट पाहते. गेल्या महिन्यात डाव्या टाचेत एक बारीकसा काटा सापडला, आणि तो कधी रुतला हे मला कळलेसुद्धा नव्हते.