पोट भरलं, पण रकाना रिकामा

आज दिवसभर जे जे खाल्लं, ते सगळं अ‍ॅपमध्ये नोंदवलं. रात्री आकडे चाळताना कॅलरीपेक्षा तंतुमय पदार्थांच्या रकान्यावर नजर खिळली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी रोज किमान २५ ग्रॅम सांगते. माझे निम्मेही भरले नव्हते. आणि जेवण तर पोटभर झालेलं!

दुसरी गोष्ट तेलाची. नोंद करायची म्हणून आज बाटली थेट कढईवर न धरता चमच्याने मोजून घेतलं. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, प्रथिनं आणि कर्बोदकांतून चार-चार. शाळेत शिकलेलं हे गणित कढईसमोर उभं राहून पहिल्यांदा नीट उमगलं. तेल कमी पडूनही भाजीच्या चवीत काडीचा फरक पडला नाही, हे विशेष.

अ‍ॅपचे आकडे मी अंदाज म्हणूनच धरते. वाटी प्रत्येक घरात वेगळी, शिवाय कित्येक अ‍ॅपमध्ये नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. आणि खाण्यावरून ज्यांच्या मनाला आधीच त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या मोजणीत पडू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

उद्यापासून कडधान्यं वाढवायची, फळं शक्य तिथे सालासकट खायची.

तुम्ही कोणी असं अ‍ॅप वापरत असाल तर घरचं जेवण कसं नोंदवता? नक्की सांगा.