आर्किटेक्ट कोण?

शनिवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहून काढते.

प्रेअरीव्हिलला गेलो होतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखातलं सेंट अँड्र्यूज एपिस्कोपल चर्च, १८५३-५४ सालचं, सगळं लाकडी. उभ्या फळ्या आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर ठोकलेली अरुंद पट्टी. दगडी चर्चला बाहेरून टेकू असतात ना, इथे तेही लाकडाचेच. मी पट्टीवरून बोट फिरवत राहिले. दमट हवेत फळी फुगते, उन्हात आकसते, पट्टी ती फट झाकते. "फळीला हलायला जागा ठेवावी, नाहीतर ती आपली आपण करून घेते," आजोबा म्हणायचे.

आतल्या लाकडाचा रंग मंद, डोळ्यांना निववणारा. तंबाखूच्या देठांचा काढा करून तो आणलाय, असं दार उघडून देणाऱ्या बाईंनी सांगितलं.

आणि मी विचारलं, "आर्किटेक्ट कोण?"

त्यांनी रिचर्ड अपजॉनचं नाव घेतलं. न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च ज्यांचं, ते. १८५२ मध्ये त्यांनी खेड्यापाड्यांतल्या मंडळींसाठी लाकडी चर्चचे नकाशे पुस्तकात छापले. हे त्याच वळणाचं. मग जरा थांबून बाई म्हणाल्या, बांधलं पीटर ली आणि जो ग्लासगो यांनी. सुतार. कॅप्टन हेन्री टेलोचे गुलाम.

मी हे आधी का नाही विचारलं?

आमच्या देवळाचा सभामंडप आजोबांच्या हातचा. संगमरवरी पाटीवर देणगीदारांची अकरा नावं, आजोबांचं नाही. दर जत्रेला मी ती पाटी वाचते आणि आवंढा गिळते. ताई म्हणते, सोड आता. तिला सोडता येतं. घराचंही तिने तसंच... जाऊ दे, तो विषय आज नको.

आम्हाला कुणी विचारलं नाही, हे दुःख मी लहानपणापासून जपलंय. आणि विचारायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मीही नकाशा काढणाऱ्याचंच नाव विचारलं. सुताराची नात मी.

तुलना तरी कशी करू? आजोबांना मजुरी मिळायची. पटलं नाही तर हत्यारांची पेटी उचलून ते घरी यायचे. पीटर आणि जोला घरी निघून यायची मुभा नव्हती. रंधा धरणारे हातसुद्धा दुसऱ्याच्या मालकीचे. तरी फळी अशी बसवलीये की दीडशेच्या वर वर्षं झाली, सांधा सरळ आहे.

खूप रडू आलं मघाशी. आता नाही येत. चुकलं ते चुकलं, पुढच्या वेळी आधी सुताराचं नाव विचारेन.

उद्या ताईला फोन करते. पाटीचा विषय काढायचा नाही. मंडपावर आजोबांच्या हाताखाली दोघं होते, त्यांची नावं तिला आठवतात का विचारते. मला एकाचंच आठवतंय, तेही नुसतं हाक मारायचं.